सात पायांची पाहुणी

मागच्या वर्षी फेब्रुवारीत माझा आतेभाऊ पुण्याहून लातूरला आला तो हातात प्लास्टिकचा डबा घेऊनच. आत नारळाच्या काथ्याचा भुसा, फुटक्या कुंडीचा तुकडा आणि त्याखाली तळहाताएवढी केसाळ कोळीण. टॅरंट्युला. मूळची चिलीची जात, रोझ हेअर म्हणतात तिला. त्याला कामासाठी बाहेर जायचं होतं, "चारच महिने ठेव, मांजरापेक्षा सोपी आहे" म्हणाला आणि गेला. आजीनं डब्यात डोकावलं आणि म्हणाली, "इच्चवाचं भावंड हाय की रं हे." बरोबरच होतं तिचं, विंचू आणि कोळी एकाच खानदानातले.

मे महिन्यात इथं पारा चाळीसच्या वर, म्हणून डबा माठाशेजारी ठेवला आणि बाजूनं ओलं पोतं. पाण्याला बाटलीचं झाकण, तेवढं तिला बास व्हायचं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या गावाला शोभेल असं जनावर.

खायला आठवड्याला दोन रातकिडे. पण एप्रिलपासून बाईसाहेबांनी खाणं सोडलं. आजी रोज विचारायची, "जेवूलाली का न्हाई ती?" आणि तिकडून भाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणतो, तिला माझी आठवण येत असणार, ती ओळखते मला, हातावर कशी शांत बसते बघितलंस ना. मी रात्रभर वाचत बसलो. डोळे आठ, पण त्यातून उजेड-अंधार सोडून फारसं काही कळत नाही, तिची सगळी दुनिया पायांच्या केसांवर येणाऱ्या कंपनांची. ओट्यावर मिक्सर लावला की ती लगेच अंग चोरायची, ते दिसायचं. पण भावाचा हात म्हणजे तिच्यासाठी बहुतेक एक कोमट, जरा खडबडीत जमीन. आणि उपास म्हणाल तर ही जात महिनोन्महिने न खाता राहते, कात टाकायच्या आधी तर नाहीच खात. हे भावाला सांगितलं तर तो दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

मग जूनमध्ये एका सकाळी बघतो तर उताणी पडलेली, पाय वर. आजी म्हणाली, "मेलं की रं, लिंबाच्या बुडाला पुरून ये." मी खुरपं शोधत होतो खरंच, तेवढ्यात एक पाय हलल्यासारखा वाटला. नंतर कळलं की मेलेली टॅरंट्युला सहसा अशी पडत नाही. हिचे पाय लांब होतात ते आतल्या रक्ताच्या दाबानं, मेल्यावर दाब जातो आणि पाय पोटाखाली मुडपतात. उताणी पडली म्हणजे कात टाकतीय. दुपारपर्यंत जुनं अंग मोज्यासारखं बाजूला निघालं आणि ही ओली, मऊ, दात पांढरेशुभ्र.

आता माझी चूक. आदल्या रात्री टाकलेला एक रातकिडा मी काढायचा विसरलो होतो. अशा मऊ अंगाला रातकिडे कुरतडतात, हे मला माहीतच नव्हतं. डाव्या बाजूच्या तिसऱ्या पायाला बारीक थेंब होता, पाण्यासारखा, जरा निळसर, कारण यांच्या रक्तात लोहाच्या जागी तांबं असतं. दुसऱ्या दिवशी तो पाय डब्यात वेगळा पडलेला.

तिला दुखलं का? हा प्रश्न मला सोडेचना. थॉमस आयस्नर आणि स्कॉट कॅमाझिन या दोघा शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये जाळं विणणाऱ्या कोळ्यांवर प्रयोग केला होता. शिकार डंख मारते तेव्हा हे कोळी तो पाय तोडून टाकतात, तर यांनी डंखातले पदार्थ एकेक करून पायात टोचून बघितले. सेरोटोनिन, हिस्टामिन असले जे माणसाला झोंबतात, त्यांनीच कोळी पाय टाकायचे. हे वाचून मी फोन खाली ठेवला. मग 2022 मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या पिल्लांची झोप तपासली, अंग पारदर्शक असतं म्हणून डोळ्यांच्या आतली हालचाल दिसते, तर आपण स्वप्न बघताना डोळे हलतात तसलंच काहीतरी दिसलं, सोबत पाय आखडणंही. आता ते स्वप्न बघतात असं कुणी म्हटलेलं नाही. आणि 2024 मध्ये न्यूयॉर्कला शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञांनी प्राण्यांच्या जाणिवेबद्दल जे जाहीर केलं, त्यात जाणीव असण्याची खरी शक्यता म्हणून कीटकांचं नाव स्पष्ट आहे, कोळ्यांचं नाही. कीटकांना तिकीट आणि ही बाई फलाटावरच.

आजीला हे सगळं सांगितलं तर ती पैठणच्या रेड्यावर गेली, की त्याला मारलेले आसूड ज्ञानोबाच्या पाठीवर उठले. मला मात्र नेहमी वाटतं की त्या रेड्याकडून वेद म्हणवून घेतले सगळ्यांनी, पण तुला काय वाटूलालंय असं कुणी विचारलं नाही.

तर माझं मत असं, की जीव लावणं, आठवण येणं हे आपण तिच्यावर लादतो. पण ते नाही म्हणून आत कोणीच नाही, नुसतं चावी दिलेलं खेळणं आहे, असं म्हणायला त्या पायानंतर माझी जीभ रेटत नाही. हे आजीला बोलून दाखवलं तर तिनं लगेच मिक्सर माजघरात नेला, मी न सांगता.

चारचे नऊ महिने झाले, दिवाळीत भाऊ आला. "बघ आता कशी ओळखते," म्हणत झाकण उघडून हात घातला. तिनं पाठ फिरवली, मागच्या पायांनी पोटावरचे केस खराखरा झाडले त्याच्या मनगटावर, आणि हा भाऊबीजेच्या ताटावर बसूनसुद्धा खाजवतच होता.