पोट आलेली चिऱ्यांची भिंत

गोव्यातल्या केपे तालुक्यातल्या या जुन्या वाड्यावर आता वस्ती नाही. चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडांची जोती, विहीर, तुळशीवृंदावनाचा चौथरा आणि छातीभर उंचीची एक भिंत, एवढंच उरलंय. जागा राज्याच्या 1978च्या कायद्याने संरक्षित, त्यामुळे चिरा हलवायचा तरी आधी परवानगी लागते.

एप्रिलअखेरच्या पाहणीत भिंतीला पोट आलेलं दिसलं. ओळंबा सोडला तर 7 सेंटिमीटरचा फरक. जवळ झाड नाही, मूळ नाही. मग लक्ष दरजांकडे, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांकडे गेलं: कुणीतरी त्या सिमेंटने भरल्या होत्या. सिमेंटच्या रेघा पुढे आलेल्या, चिरे मात्र आत गेलेले. थापीचं टोक लावलं की पीठ गळायचं.

अशा भिंतीत बाहेर चिरे आणि पोटात माती-कपच्या असतात. छप्पर गेल्यावर माथ्यातून पाणी उतरतं आणि मातीच्या किंवा चुन्याच्या दरजांतून सुकून जातं. सिमेंटने ती वाट बुजते. मग पाणी चिऱ्यातूनच बाहेर पडतं आणि त्याचा दर्शनी भाग झडतो. आतली माती फुगून भिंत बाहेर ढकलते.

आधी पोटाला फळी लावून तिरके टेकू दिले. फोटो काढले, प्रत्येक चिऱ्यावर खडूने आकडा घातला आणि तेच आकडे कागदावरच्या नकाशात उतरवले. सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढायचं; ग्राइंडर चिऱ्याची कड खातो. आमच्या पेदरेराने, म्हणजे गवंड्याने, दुपारपर्यंत जेमतेम दोन थर मोकळे केले, आणि हाच वेग योग्य. वरून चिरे उतरवले तेव्हा ऐन उन्हाळ्यातही आतली माती लापशीसारखी होती.

लगेच बांधून काढूया, असा आग्रह झाला. मी ठाम नकार दिला. चुना हवेने घट्ट होतो, त्याला आठवडे लागतात, आणि जूनपासून इथे धो धो पाऊस. म्हणून उघडी टोकं माती-कपच्यांनी बंद केली आणि वर माडाच्या झावळ्यांचे झाप उतरते घातले. ताडपत्री नको, खाली ओल कोंडते.

बांधकाम दिवाळीनंतर. मुरवलेला चुना 1 भाग, धुतलेली नदीची वाळू 3 भाग. किनाऱ्याची वाळू चालणार नाही, तिच्यातलं मीठ चिरा पोखरतं. दरज चिऱ्यापेक्षा मऊच हवी, म्हणजे झिजली तर ती झिजेल. वर किमान 7 दिवस ओलं गोणपाट.

झडलेल्या चिऱ्यांच्या जागी लागणारे नवे चिरे आताच आणून उघड्यावर रचलेत. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, हवेवर कडक होतो. या पावसात जो विरघळेल, तो भिंतीत जाणार नाही.