आमची वाटचाल : द्राक्षबाग, डॉलर आणि आमची यादी

२००६ साली पिंपळगाव बसवंत येथील एका गाळ्यात आम्ही म्युच्युअल फंड वितरणाचे काम सुरू केले, तेव्हा आमचे बहुतेक ग्राहक द्राक्षबागायतदार होते आणि बाजार चढता असल्यामुळे आमचा प्रत्येक सल्ला बरोबर ठरत असे. नव्या योजनेचे दहा रुपयांचे युनिट, म्हणजे योजनेतील एक हिस्सा, हा स्वस्त सौदा, असा ग्राहकांचा गैरसमज होता; युनिटचा भाव कमी म्हणून योजना स्वस्त होत नाही, हे आम्ही त्यांना सांगितले नाही. त्या काळी गुंतवणुकीतून सव्वादोन टक्क्यांपर्यंत एन्ट्री लोड, म्हणजे प्रवेशशुल्क, कापला जाई आणि त्यातूनच आमचे कमिशन निघे, हेही त्यामागचे कारण होते.

जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांपुढे गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये नऊ हजारांखाली आला. अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाल्याचा निफाड तालुक्यातील बागेशी काय संबंध, असे ग्राहक विचारीत, आणि आम्हाला उत्तर देता येत नसे.

ते उत्तर २०१० च्या हंगामाने दिले. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली आणि सोसायटीचे कर्ज भरण्यासाठी आमच्या काही ग्राहकांना २००८ च्या शिखरावर घेतलेली युनिट्स तोट्यात विकावी लागली. ज्याचे उत्पन्नच युरोच्या भावावर, जहाजभाड्यावर आणि परदेशातील प्रयोगशाळेच्या अहवालावर अवलंबून आहे, त्याची सगळी बचतही परदेशी पैशाबरोबर वरखाली होणाऱ्या शेअरमध्ये ठेवणे ही आमची चूक होती. तेव्हापासून फॉर्म भरण्याआधी आम्ही बागेचा खर्च, कर्जाचे हप्ते आणि माल कोठे जातो, याची यादी करतो. दोन हंगामांचा खर्च लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा, लगेच काढता येणारा फंड) किंवा बँकेच्या ठेवीत बाजूला पडल्याशिवाय इक्विटीचा, म्हणजे शेअरमधील गुंतवणुकीचा, विषय काढत नाही. यामुळे काही ग्राहक दुसरीकडे गेले, आणि २०२१ च्या तेजीत त्यांनी आम्हाला त्याची आठवणही करून दिली.

पुढचे बदल लहान होते. अमेरिकी निर्देशांकाच्या फंडात थोडी रक्कम वळवू लागलो, तोच २०२२ मध्ये सर्व म्युच्युअल फंडांना मिळून घातलेली परदेशी गुंतवणुकीची सात अब्ज डॉलरची मर्यादा भरत आल्याने तो मार्ग अडला. सार्वभौम सुवर्णरोख्यांवर, म्हणजे सोन्याच्या भावाशी जोडलेल्या सरकारी रोख्यांवर, मात्र आम्ही उशिरा विश्वास ठेवला, याची खंत आहे.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडे जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. नव्या हंगामाची काढणी तोंडावर असताना दिंडोरीच्या एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. माल पोहोचायला उशीर होणार, पैसेही उशिरा येणार, तेव्हा एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) मोडू का, असे ते विचारत होते. त्यांच्या यादीतील लिक्विड फंडाची रक्कम दुसऱ्या दिवशी खात्यात जमा झाली आणि एसआयपी तशीच सुरू राहिली.