एक मृत्युपत्र आणि बाईंची लाल शाई

खरेदीखते, हक्कसोडपत्रे, मृत्युपत्रे असे दस्त तयार करणे हा माझा गेल्या अठ्ठावीस वर्षांचा व्यवसाय आहे. त्यात ज्या शिकवणीचा मला रोज आधार होतो, ती कायद्याच्या महाविद्यालयात नव्हे, तर ही स्मरणिका ज्या शाळेची आहे त्याच शाळेत, आठवीत, मराठीच्या बाईंकडून मिळाली. बाई चुकलेल्या अनुस्वाराभोवती लाल शाईने वर्तुळ काढीत आणि ते वाक्य वर्गापुढे मोठ्याने वाचायला लावीत. स्वल्पविराम नसेल तेथे त्या थांबू देत नसत, त्यामुळे वाक्य कोठे मोडते ते ज्याचे त्यालाच ऐकू येई.

‘भावाचा हक्क सोडला’ आणि ‘भावांचा हक्क सोडला’ यांत एका टिंबाचे अंतर आहे, पण त्या टिंबावर सातबाऱ्यावरची नावे ठरतात.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी लिहिलेले एक मृत्युपत्र माझ्याकडे आले. त्यात ‘राहते घर माझा मुलगा व मुलीची मुले यांना मिळावे’ असे वाक्य होते. वाटा मुलाला स्वतःला, की त्याच्या मुलांना? व्याकरणाचे उत्तर सरळ आहे: ‘मुलगा’ या शब्दाचे सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययापूर्वीचे ‘मुला’ हे रूप, झालेले नाही, म्हणून वाटा मुलाचा, नातवंडेच अभिप्रेत असती, तर ‘मुलाची व मुलीची मुले’ असे लिहायला हवे होते. परंतु बोलताना आपण सारेच असे सैल बोलतो, आणि वृद्धाचे बोलणे लिहिणाऱ्याने जसेच्या तसे उतरवले असेल, ही शंका कोणालाच फेटाळता येईना. ज्यांना विचारायचे, ते हयात नव्हते. बाप आणि लेक त्या एका वाक्यापायी समोरासमोर उभे राहिलेले मी पाहिले, आणि ते दुःख अजून मनातून गेलेले नाही.

जमिनीच्या कामांत जुने मोडी कागदही येतात. त्यांत विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही नसतो. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कोशकार मेजर कँडी यांना दिले जाते. शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये ठरले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. इतक्या खटाटोपाने हाती आलेली ही सोय व्यावसायिक लेखनात ‘अर्थ कळला म्हणजे झाले’ म्हणून सोडून द्यावी, हे मला पटत नाही.

या स्मरणिकेसाठी लेख मागणाऱ्या पत्रावर ‘माजी विद्यार्थिसंघ’ असे छापले होते. ‘विद्यार्थी’ दीर्घ, पण समासात ऱ्हस्व. तो ऱ्हस्व ‘र्थि’ पाहून मी त्याच दिवशी होकार कळवला.