शुगर, रिव्हॉल्व्हर आणि हायवेवरचं संडास

शुगर निघाल्यापासून माझं सगळं आयुष्य टॉयलेट कुठंय याच्यावर चाललंय. सोलापूरहून पुण्याला जायचं म्हणलं की अडीचशे किलोमीटरात तीनदा तरी गाडी बाजूला घ्यावी लागते, बायको म्हणते तुमच्यापेक्षा एसटी बरी, ती निदान ठरलेल्या ठिकाणी तरी थांबते. हे सगळं इथं सांगायचं कारण असं की माझ्या कमरेला बऱ्याचदा लायसनचं रिव्हॉल्व्हर असतं, आणि ते कमरेला असताना संडासात नेमकं काय करायचं हे मला कुणीच, म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं.

आमची मार्केट यार्डात कांद्याची अडत. आप्पांच्या काळात शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, रोख द्यायची पद्धत, बॅगेत पैसे घेऊन फिरायचं, एकदा मोहोळच्या अलीकडं त्यांना रात्री अडवलं तेव्हापासून त्यांनी लायसन काढलं. त्यांनी सत्तरी ओलांडली तेव्हा नियमानं ते माझ्या नावावर झालं, शहरात असल्यामुळं पोलीस आयुक्तालयात हेलपाटे मारून मारून चपला झिजल्या ते वेगळं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट बत्तीस, सहा गोळ्यांचं, मधनं मोडतं ते. आता निम्मे पैसे खात्यावरच जातात त्यामुळं खरं बघितलं तर त्याची गरज कमी झालीय, पण उचल द्यायला जाताना अजून नेतो.

तर ती गोष्ट. तीन वर्षं झाली असतील, पावसाळा होता, टेंभुर्णीच्या पुढं एका हॉटेलावर थांबलो. नाव सांगत नाही, आणि चूक त्यांची नव्हतीच. मागं संडासाची ओळ, तीन दारं, दोन बंद, तिसऱ्यात गेलो तर इंडियन सीट, फरशीवर पाणीच पाणी, कोपऱ्यात कान तुटलेला मग, कडी अर्धीच बसणारी. पँट खाली घेतली की पट्ट्याला लावलेलं ते जड होल्स्टर एका बाजूला लोंबकळायला लागलं, उकिडवं बसलो तर त्या पाण्यात टेकणार. वर बघितलं तर दाराच्या मागं एक खिळा. मी क्लिप काढली आणि होल्स्टरसकट रिव्हॉल्व्हर त्या खिळ्याला अडकवलं. त्या वेळी मला ते फार शहाणपणाचं वाटलं बघा, ओलं होणार नाही, पडणार नाही, डोळ्यासमोर आहे.

तेवढ्यात फोन. लासलगावचा भाव विचारायला आमचा एक माणूस फोन करत होता, बोलत बोलत उरकलं, बोलत बोलत दार उघडलं, आणि इथंच घोळ झाला, कारण दार आतल्या बाजूला उघडतं त्यामुळं दार उघडलं की खिळा दारामागं भिंतीकडं जातो. दिसणारच कसा. हात धुतले, चहा घेतला, काउंटरला पैसे द्यायला खिशात हात घातला तेव्हा कोपर कमरेला लागलं आणि तिथं काहीच नव्हतं.

तो जो क्षण असतो ना, पोटात खड्डा पडतो म्हणतात तो. मी पळालो. दार आतनं बंद. मी वाजवलं, आतनं आवाज नाही. परत वाजवलं, म्हणलं काका माझं सामान राहिलंय आत. तर आतनं एक म्हातारा आवाज, "कसलं सामान?" आता काय सांगू बाहेर उभ्या असलेल्या दोन ड्रायव्हर लोकांसमोर? म्हणलं, चामड्याचं कव्हर आहे, काळं. कडी निघाली. धोतरातले एक आजोबा, सत्तरीच्या पुढचे, दाराला पाठ लावून उभे, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी हात लावला न्हाय बरं का. पण सोडून जायचं तरी कसं, दुसरं कुणी यील म्हणून कडी लावून थांबलो." किती वेळ थांबला होतात विचारलं तर म्हणाले, "लई न्हाय, पण मला जायचं हुतं ते राहिलं." मी त्यांच्या पाया पडलो, तिथंच, त्या ओल्या फरशीवर.

घरी आल्यावर कुणाला सांगितलं नाही. फक्त आमच्या गल्लीत एक रिटायर्ड सुभेदार राहतात त्यांना सांगितलं, मला वाटलं हसतील. हसले नाहीत. शिव्या घातल्या. "का बे, हत्यार काय छत्री हाय का, खिळ्याला लावलालाय?" फौजेत हत्यार हरवलं तर काय होतं ते अर्धा तास ऐकवलं, मग म्हणाले की पोलिसांच्या पिस्तुलाला दोरी का असते ठाऊकाय का, पट्ट्याला बांधलेली? शोभेला नव्हं, अंगापासनं सुटू नये म्हणून.

ही चूक काय आपल्याच माणसांकडनं होते असं नाही म्हणा. २०२० च्या फेब्रुवारीत ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्या बॉडीगार्डनं भरलेलं पिस्तूल न्यूयॉर्कहून लंडनला निघालेल्या विमानाच्या टॉयलेटमध्ये ठेवलं आणि विसरला, एका प्रवाशाला ते सापडलं. वॉशिंग्टनला संसदेच्या इमारतीत २०१५ मध्ये पोलिसांनी अशीच पिस्तुलं टॉयलेटमध्ये विसरली, त्यातलं एक तर सात-आठ वर्षांच्या पोराला सापडलं. ही सगळी ट्रेनिंग घेतलेली माणसं, आणि सगळ्यांनी एकच केलं, बसायच्या आधी हत्यार अंगावरनं काढून कशावर तरी ठेवलं. माझ्या त्या आजोबांच्या जागी एखादं पोरगं असतं तर, हा विचार मला अजून रात्री येतो.

मग मी शोधायला लागलो की लोक करतात काय. जे काय वाचायला मिळालं ते सगळं कमोडवाल्यांसाठी. पँट गुडघ्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, गुडघे फाकवून ताणून धरायची, पट्टा तिथंच मांडीवर परत आवळायचा म्हणजे होल्स्टर उलटं होत नाही, आणि ते आतल्या बाजूला वळवायचं म्हणजे पार्टिशनच्या खालनं शेजारच्याला दिसत नाही. हे पुण्यातल्या मॉलमध्ये ठीक आहे, मी करून बघितलंय, चालतं. पण आपल्याकडं निम्म्या ठिकाणी इंडियन, त्यात उकिडवं बसल्यावर मांडी आणि पोट एकमेकाला चिकटतं, पट्टा आवळायला जागाच राहत नाही, माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाला तर नाहीच नाही. शिवाय एक हात मगात. आणि समोर तो खड्डा, त्यात मोबाईल गेलेली माणसं मी बघितलीत, रिव्हॉल्व्हर गेलं तर पोलीस स्टेशनला काय लिहून देणार?

शेवटी आमच्या चांभाराकडनं एक चामड्याची पाऊच शिवून घेतली. गळ्यातनं आडवी अडकवायची, रुंद पट्ट्याची, चेन असलेली, आत होल्स्टर जसंच्या तसं बसंल एवढीच. इंडियन सीट असली की कडी लावायची, होल्स्टरची क्लिप काढायची, रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधनं बाहेर न काढता तसंच पाऊचमध्ये, चेन बंद, आणि पाऊच छातीवर ओढून घ्यायची. गळ्यातनं काढायची नाही, काहीही झालं तरी. त्या पाऊचमध्ये दुसरं काहीच ठेवत नाही, किल्ली नाही, पेन नाही, सुट्टे पैसे नाहीत, कारण होल्स्टर थोडं जरी सरकलं आणि किल्ली चापाच्या कड्यात शिरली तर खेळ खलास. पहिल्यांदा मला लई अवघडल्यासारखं झालं, गळ्यात पाटी अडकवलेल्या शाळेच्या पोरासारखं. आता सवय झाली.

उभ्याचं सोपं आहे. पट्टा सोडायचाच नाही, फक्त चेन. माझं उजव्या कमरेला असतं म्हणून मी उजव्या कोपऱ्यातली जागा धरतो, ती बाजू भिंतीकडं, ती जागा रिकामी नसली तर थांबतो, लोक बघतात काय येडा आहे, मोकळ्या असताना थांबलाय. बघू देत. शर्ट बाहेर आणि जरा लांब. हात धुताना मात्र वाकलं की मागनं शर्ट वर जातो आणि समोर आरसा असतो, मागच्याला सगळं दिसतं, हे मला बायकोनं सांगितलं. २०१६ च्या शस्त्र नियमात पण आहेच की हॅन्डगन होल्स्टरमध्ये आणि झाकलेली पाहिजे, पिक्चरसारखं नुसतं पँटीत खोचलेलं नाही.

काही जण म्हणतात आत जाऊन गोळ्या काढून खिशात ठेवायच्या. मला ते पटत नाही. ओल्या हातानं, अर्ध्या उजेडात ते मोडायचं, सहाच्या सहा गोळ्या एकदम वर येतात, एक जरी निसटली तर ती कुठं जाणार तुम्हीच सांगा, आणि आपल्याला गोळीचा हिशोब द्यायचा असतो. जितक्या वेळा हाताळाल तितका धोका. ज्याला रिकामं करायचंय त्यानं घरी करावं, नीट बसून, नळी भिंतीकडं करून.

आणि पडलंच तर? सुभेदारांनी यावर मला अक्षरशः डेमो दिला, रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा, खाली गादी टाकून. "पडू दे. झेलायचं न्हाय. पायावर पडलं तर पाय सुजंल, झेलायला गेलास तर बोट चापातच जातंय." हे ऐकायला सोपं वाटतं पण हात आपोआप जातो हो, चहाचा कप पडला तरी जातोच की. मी आठ दिवस गादीवर पाडून पाडून हात मागं घ्यायची सवय लावली. आता त्याच्या पुढचं, की जुन्या रिव्हॉल्व्हरात घोडा, म्हणजे मागची ती गोळीवर आपटणारी हातोडी, गोळीच्या ज्या घरावर टेकलेला असतो त्या घरात गोळी असली आणि ते घोड्यावर आपटलं, तर चाप न दाबता पण उडू शकतं. अभिनेता गोविंदा आठवतोय ना, १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे, कपाटात ठेवताना हातातनं निसटलं आणि गोळी पायात. म्हणून मी घोड्याखालचं घर रिकामं ठेवतो, सहाच्या जागी पाच. पाचात भागत नसेल त्यानं सोबत माणूस न्यावा.

कडी काढायच्या आधी आतच कोपरानं एकदा कमर लावून बघतो, मग मोबाईल, मग चष्मा. बाहेर येऊन चाचपत बसायचं नाही, ज्याला बघायचंय त्याला लगेच कळतं काय आहे ते. आणि आत असताना फोन उचलायचा नाही, लासलगावचा भाव गेला खड्ड्यात.

खरं सांगू का, यातलं निम्मं टाळता येतं. गड्ड्याच्या यात्रेला, लग्नाला, पाहुण्यांकडं जाताना मी ते आता नेतच नाही, घरी तिजोरीत. नेणार असलो तर निघायच्या आधी घरी जाऊन येतो आणि वाटेत चहा कमी. डॉक्टर म्हणतात पाणी भरपूर प्या, त्यांना काय जातंय.

आचारसंहिता लागली की मला ते पोलीस स्टेशनला जमा करावं लागतं, तेव्हा मात्र मी मोकळा. मागच्या वेळी पावती पाकिटात टाकली आणि पुण्याला निघालो, मुद्दाम त्याच हॉटेलावर थांबलो. आता फरशी नवीन बसवलीय, कडी नीट बसते, खिळा मात्र तोच. आणि त्याला कुणाचीतरी टिफिनची पिशवी लटकत होती, डबा भरलेला, अजून कोमट. मी ती काउंटरला नेऊन दिली. तो पोरगा न बघताच खाली ठेवत म्हणाला, "रोज काय ना काय घावतंय ओ शेठ त्या खिळ्याला."