कुंभकर्ण उठला, आणि हॅलो कोण खात होतं तेही सापडलं

मंडळी, कुंभकर्ण, म्हणजे माझा मेलेला फोन, उठला. काल रात्री सव्वा एकला हातात असतानाच एकदा थरथरला, पाठोपाठ लोगो आला. अकरा दिवस काळ्या स्क्रीनकडे बघितल्यावर तो लोगो इतका सुंदर दिसला की फोन टेबलावर ठेवायचंही सुचलं नाही.

मागच्या वेळी ‘९००८ दिसतंय, पण सहारा पुढे सरकत नाही’ इथे थांबलो होतो: फोन आणीबाणीच्या मोडमध्ये ९००८ या यूएसबी नंबराने दिसत होता, पण लॅपटॉपशी त्याचा पहिला संवाद ज्या सहारा प्रोटोकॉलने होतो तो अडला होता. ब्रिक, म्हणजे निव्वळ वीट, कसा झाला हे तेव्हा लाजेखातर गाळलं होतं. आता उठलाच आहे तर सांगून टाकतो.

रिकव्हरी, म्हणजे दुरुस्ती-अपडेटसाठीची छोटी वेगळी सिस्टम, बदलायची होती. फास्टबूटमध्ये (केबलवरून फ्लॅश करायच्या मोडमध्ये) जाण्याचा आळस केला आणि चालू फोनच्या रूट शेलमधून डीडी या कॉपी करायच्या कमांडने इमेज लिहायला बसलो. पार्टिशनच्या नावाचा (बाय-नेम) लांबलचक पाथ टाइप करायचाही कंटाळा आला, म्हणून थेट पार्टिशन नंबर दिला. त्यातला एक आकडा राहिला. डीडी क्षणात परत आला आणि म्हणाला, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. रिकव्हरी पार्टिशन ६४ एमबीचं, मग जागा संपेल कशी? पोटात गोळा आला. एसबीएल-वनवर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या ५१२ केबीच्या पार्टिशनवर, रिकव्हरीची पहिली ५१२ केबी जाऊन बसली होती. खरं दुःख पुढेच आहे. फोन तेव्हा चालू होता, शेल उघडी होती. एसबीएल-वनची प्रत तिथल्या तिथे परत लिहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी घाबरून रीबूट केलं.

चिप स्नॅपड्रॅगन ६२५ असल्याने पुढचं सगळं पाठ्यपुस्तकातल्यासारखं झालं. चिपच्या रॉममधल्या पीबीएलला (सगळ्यात आधी चालणाऱ्या बूटलोडरला) धड एसबीएल-वन मिळालं नाही, त्याने हात वर केले आणि फोन आपोआप ईडीएल या आणीबाणीच्या मोडमध्ये गेला. लॅपटॉपवर एलएसयूएसबीच्या यादीत ०५सी६:९००८. ईडीएल जबरदस्तीने सुरू करायच्या टेस्ट पॉइंटसाठी फोनची पाठ उघडायला लागली नाही, तेवढंच सुख.

आणि तिथून अकरा दिवस गेले. दर खेपेला तोच प्रकार. टूल चालू केलं की ‘डिव्हाइस सापडलं’ म्हणायचं, मग शांतता, मग टाइमआउट. पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवायचं, पोर्ट जाऊन परत यायचा, पुन्हा तेच. आधी केबलवर संशय घेतला, तीन बदलल्या. मग हब काढून टाकला. यूएसबी ३ चा पोर्ट सोडून यूएसबी २ वर आलो. शेवटी सगळा राग लोडरवर, म्हणजे ईडीएलमध्ये फोनवर चढवायच्या छोट्या प्रोग्रॅमवर, निघाला.

हा फायरहोज लोडर कुठलाही चालत नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या सहीमागच्या रूट सर्टिफिकेटचा हॅश (डिजिटल ठसा) चिपमध्ये कायमच्या फ्यूज केलेल्या हॅशशी जुळावा लागतो, त्यामुळे चिप तीच असली तरी दुसऱ्या कंपनीचा लोडर पीबीएल दारातच अडवतो. म्हणून ‘प्रोग ईएमएमसी फायरहोज ८९५३ डीडीआर’ या एकाच नावाच्या पाच वेगवेगळ्या फायली जमवल्या. त्या जमवताना जो बाजार दिसला त्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘शंभर टक्के टेस्टेड’ म्हणून झिप ठेवायची, तिला पासवर्ड लावायचा, पासवर्डसाठी आधी कुठलंतरी अ‍ॅप घ्यायला लावायचं, आणि झिप उघडली की आत लोडरऐवजी एक एक्झी, म्हणजे विंडोजचा प्रोग्रॅम! एमबीएन, म्हणजे लोडरची, फाइल मागितल्यावर एक्झी मिळाली तर ती न उघडता पुसायची. अधिकृत फास्टबूट किंवा ईडीएल पॅकेजमध्ये इमेजेसच्या शेजारी लोडर बहुतेकदा असतोच, तो आधी बघा. मीही शेवटी तिथूनच उचललेला वापरला.

तर पाचही लोडरनी सारखाच टाइमआउट दिला. नवव्या दिवशी आंघोळ करताना डोक्यात आलं, की लोडर नाकारायचा तर आधी फोनने तो मागायला तरी हवा! सहारामध्ये फोन आधी हॅलो म्हणतो, आपण उत्तर देतो, मग फोन ‘अमुक ऑफसेटपासून इतके बाइट दे’ अशी मागणी करत राहतो. सही चुकीची असली तर नकार त्यानंतर येतो. माझ्या लॉगमध्ये एकही मागणी नव्हती. म्हणजे लोडर बिचारा निर्दोष, गाडी त्याच्या आधीच्याच स्टेशनवर अडली होती.

मग यूएसबीवरचा संवाद टिपायला यूएसबीमॉन लोड केलं, तो बघायला वायरशार्क उघडलं आणि मुद्दाम कुठलंही टूल चालू न करता फोन जोडला. फोनकडून पहिलं पाकीट आलं, ४८ बाइटचं. सुरुवात ०१ ०० ०० ०० ३० ०० ०० ००. पहिला ०१ म्हणजे हॅलो, ३० म्हणजे हेक्समधले ४८. फोन ठणठणीत बोलत होता! अजून मी काहीच पाठवलेलं नाही, आणि दोन-तीन सेकंदांनी लॅपटॉपकडून फोनकडे एक चिमुकलं पाकीट गेलं: ४१ ५४ ०डी.

ते तीन बाइट मी बराच वेळ बघत बसलो. ए, टी, एंटर. म्हणजे मोडेमला हाक मारायची जुनी एटी कमांड. माझ्या लॅपटॉपवर कुणीतरी माझ्या मेलेल्या फोनला ‘मोडेम आहेस का रे बाबा?’ म्हणून विचारत होतं.

मोडेममॅनेजर, म्हणजे लिनक्सची मोडेम सांभाळणारी सेवा! ९००८ जोडलं की कर्नलचा क्यूसीसीरियल ड्रायव्हर पुढे होतो आणि टीटीवाय-यूएसबी-झीरो हा सीरियल पोर्ट तयार करतो. मोडेममॅनेजरला वाटतं डोंगल लागला, आणि तो चाचपणी सुरू करतो. पीबीएल हॅलोच्या उत्तराची वाट बघत असताना त्याच्या कानात हे एटी पडतं, त्याला ते कळत नाही आणि संवाद तिथेच मोडतो. हॅलो एकदाच येतो. माझं टूल पोचेपर्यंत पंगत उठलेली असायची.

आता हसा. ही गोष्ट क्यूडीएल या फ्लॅशिंग टूलच्या रीडमीमध्ये लिहिलेली आहे. ईडीएल नावाच्याच दुसऱ्या टूलच्या रीडमीमध्येही आहे. दोन्ही मी वाचलेले होते, आणि ‘आपल्या लॅपटॉपला कुठे मोडेम आहे’ म्हणून ती ओळ ओलांडून पुढे गेलो होतो.

मोडेममॅनेजर थांबवला, पॉवर बटण दाबून ताजा हॅलो घेतला, टूल सोडलं, आणि लोडर सरसर वर चढला. कुठला लोडर? पहिल्याच दिवशी वापरून ‘हा चुकीचा’ म्हणून बाजूला टाकलेला. फायरहोजने उत्तर दिलं: ईएमएमसी, सेक्टर ५१२. जिवात जीव आला.

मोडेममॅनेजर बऱ्याच जणांनी कायमचा काढून टाकायला सांगितला होता, पण मला अधूनमधून डोंगल लागतो. म्हणून यूडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या भागाचा) एक नियम लिहिला: व्हेंडर ०५सी६, प्रॉडक्ट ९००८ दिसलं तर ‘आयडी एमएम डिव्हाइस इग्नोर’ला १, म्हणजे मोडेममॅनेजरने तिकडे बघायचंच नाही. एका ओळीचं काम.

आता पुढची गंमत. ठरलेला बेत होता रॉप्रोग्रॅम आणि पॅच एक्सएमएल (काय कुठे लिहायचं त्याच्या याद्या) देऊन पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर, मारायचा. एंटरवर बोट ठेवलं आणि थांबलो. बिघडलंय फक्त ५१२ केबी, मग सगळं का पुसायचं? त्या एक्सएमएलमध्ये यूजरडेटाचं पार्टिशनही होतं, म्हणजे माझा डेटा गेला असता, शिवाय माझ्या व्हर्जनचं पॅकेज हेच याची खात्री नव्हती. म्हणून आधी वाचायचं ठरवलं. पहिल्यांदा मोडेमएसटी-वन, मोडेमएसटी-टू, एफएसजी आणि पर्सिस्ट ही पार्टिशनं वाचून त्यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवल्या. आयएमईआय आणि सेन्सरचं कॅलिब्रेशन गेलं की ते कुठल्याच पॅकेजमध्ये मिळत नाही, हे मी एका जुन्या फोनवर शिकलोय. यूजरडेटा मात्र सोडून दिला. तो एन्क्रिप्टेड, आणि किल्ली त्या चिपलाच बांधलेली, त्यामुळे बाहेर काढलेली प्रत नुसती जागा अडवते.

मग उत्सुकता म्हणून एसबीएल-वन वाचून हेक्स एडिटरमध्ये उघडलं. पहिले आठ बाइट काय असावेत? ‘अँड्रॉइड!’ उद्गारचिन्हासकट. बूट आणि रिकव्हरी इमेजची ती सुरुवातीची खूण, एसबीएल-वनच्या छाताडावर ऐटीत बसलेली. अकरा दिवसांपूर्वीचा माझा पराक्रम साक्षात समोर. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आणि जीपीटीची, म्हणजे पार्टिशनांची, यादी खाली सरकवताना नजर पडली एसबीएल-वन-बॅकवर, म्हणजे एसबीएल-वनच्याच राखीव प्रतीवर. अरेच्चा! काखेत कळसा आणि गावाला वळसा. स्टॉक फ्लॅश होताना या फोनवर एसबीएल-वनची एकच एमबीएन फाइल दोन्ही पार्टिशनमध्ये लिहिली जाते. डीडी एका पार्टिशनच्या हद्दीबाहेर जात नाही, म्हणून तर ‘नो स्पेस’ आलं होतं. म्हणजे बॅकअपला धक्काही लागलेला नव्हता. मी ज्या व्हर्जनची फाइल जगभर शोधत होतो ती फोनच्या पोटातच होती. बॅक वाचला, पॅकेजमधल्या एमबीएनशी ताडून बघितला. एमबीएन संपेपर्यंत बाइट न् बाइट सारखा, पुढे नुसती शून्यं. तोच डंप एसबीएल-वनवर लिहिला, परत वाचून शा-२५६ हॅश जुळवला आणि रीसेट दिला.

बाकीचं वर सांगितलंच. आयएमईआय जागेवर, बेसबँड जागेवर, डेटासुद्धा जसाच्या तसा. फिंगरप्रिंट पहिल्या बूटला रुसला होता, दुसऱ्या बूटनंतर चालला, कारण शोधायच्या भानगडीत पडलो नाही. रिकव्हरी आज सकाळी टाकली, मुकाट्याने फास्टबूटमधून.

टूल्सबद्दल: लिहायला क्यूडीएल. छोटं, कमी बोलणारं, काय बिघडलं ते सरळ सांगणारं. वाचायला आणि चाचपायला पायथनवालं ईडीएल. क्वालकॉमचं क्यूफिल मला कधी मानवलं नाही. ‘सहारा फेल’ एवढंच सांगून गप्प बसणाऱ्या खिडकीपेक्षा टर्मिनल परवडलं.

आता यावर लिनिएज ही दुसरी अँड्रॉइड सिस्टम चढवायची असं मागे म्हटलं होतं. पण हे लिहितालिहिता एक शंका आली आणि बेत बदलला. माझा तो दुसरा, मीडियाटेक चिपवाला फोन आठवतोय? त्याचा प्रीलोडर (सुरुवातीचा बूटलोडर) दोन सेकंद दिसायचा आणि निसटायचा, आणि मी केबल खराब म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला होता, तो. प्रीलोडर लिनक्सवर टीटीवाय-एसीएम या सीरियल पोर्टच्या रूपात उगवतो, आणि मोडेममॅनेजर एसीएम पोर्टचीही चाचपणी करू शकतो. केबलला मी उगाचच शिव्या दिल्या असतील तर? यूडेव्हमध्ये मीडियाटेकच्या ०ई८डी व्हेंडरसाठीही तसाच नियम आत्ताच टाकला, यूएसबीमॉन तयार ठेवलंय. लिनिएज थांबेल. मीडियाटेकची बॅटरी मात्र पार बसली आहे, म्हणून सध्या चार्जिंगला लावलाय. वीस मिनिटं झाली, अजून दिवा लागलेला नाही.