शाळा कशासाठी असते, सर?

31 मे 2024 ला माझ्या निरोप समारंभात मी बोलून गेलो की, शिकवणं हे शाळेचं चौथं-पाचवं काम असतं. तेव्हापासून लग्नात, मयतीत, एसटी स्टँडवर, जो भेटतो तो विचारतो, "सर, असं का म्हणालात? मग चौतीस वर्षं पगार कशाचा उचलला?" पुण्यातल्या पुतण्याला मात्र ते वाक्य फार आवडलं. शाळा म्हणजे मान खाली घालणारे नोकर घडवायचा कारखाना, इंग्रजांनी काढली ती त्याच्यासाठीच, असं त्याचं मत. तो पोराला घरीच शिकवणार आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो. मला पुतण्यासारखं म्हणायचं नव्हतं. आमच्याकडं मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाचा अंमल. कारभार उर्दूत, 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. आमचे आजोबा शेवटपर्यंत अंगठा लावत. 1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, ते काय नोकर घडवायला? दोन पिढ्या शिकून झाल्यावर शाळेला नावं ठेवणं सोपं असतं.

मग मी तसं का बोललो? माझ्या जन्मतारखेपासून सुरुवात करतो. 1 जून 1966. आई म्हणते, तू झालास तेव्हा ज्वारीची काढणी चालली होती. जूनमध्ये कुठली आलीय काढणी? पण शाळा जूनला भरायची, वय बसायला हवं, म्हणून गुरुजींनी एक जून ठोकून दिला. माझ्या वयाचे निम्मे मास्तर त्याच तारखेला जन्मले आणि 31 मेला रिटायर झाले. शाळेनं मला अक्षर शिकवायच्या आधी माझा जन्म ठरवला. आडनाव लिहिलं, जात लिहिली. 2023 च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचा आदेश आला तेव्हा कपाटातून जुनी जनरल रजिस्टरं बाहेर निघाली. आधी त्यांच्याकडं उंदरांशिवाय कुणी पाहत नव्हतं. आता माणसं हात जोडून प्रवेश-निर्गम उतारा मागत होती. त्यातल्या एकानंही विचारलं नाही की, आमच्या आजोबाला गणित येत होतं का.

1990 सालचा मी यावर भांडला असता. रजिस्टर, जनगणना, मतदार याद्या ही सगळी फुकटची हमाली, खरं काम फळ्यावर, असं तो तावातावानं म्हणायचा. वर्गात कवितेला चाल लावायचा. चाल अजून लोकांच्या लक्षात आहे, म्हणजे तो अगदीच चूक नव्हता.

पण 2012 साल आलं. आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या रांगेत. दसरा झाला की ट्रॅक्टर लागतात आणि निम्मं गाव ऊस तोडायला जातं. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं. सातवीत एक मुलगी होती. अभ्यासात बेताची, अक्षर कोंबडीच्या पायांचं. दोन वर्षं ती आजीपाशी राहून वसतिगृहात जेवत होती. टोळी निघायच्या आधी तिची आई एकटीच शाळेत आली. ऑफिसच्या दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "सर, शिकवा नाहीतर नका शिकवू. पर ह्या साली बी तिला ठिवून घ्या."

मला राग आला. खरं सांगतो, राग आला. शिकवू नका म्हणजे काय? शाळा काय कोंडवाडा आहे? मी तिला शिक्षणाचं महत्त्व समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि गेली.

चौथ्या दिवशी बाप आला. दाखला द्या, तिकडं कारखान्याजवळच्या शाळेत नाव घालतो म्हणाला. सोबत मुकादमाचा, म्हणजे टोळीच्या कंत्राटदाराचा, माणूस होता, बाहेर मोटारसायकलवर बसून. मला कळायला हवं होतं. कळलंच होतं, आता कशाला लपवू? उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला बायको लागते, नाहीतर कोयता अर्धा. मी बापाला विचारलं, "कुठली शाळा?" त्यानं कारखान्याचं नाव सांगितलं. शाळेचं सांगितलं नाही. मी परत विचारलं नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात आहे, दाखला मागितला की ताबडतोब द्यायचा, उशीर केला तर मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई. कलम चांगल्यासाठी केलंय, लेकराचं नाव कुठं अडकून राहू नये म्हणून. मी दहा मिनिटांत दाखला लिहिला. सुंदर अक्षरात. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचं कारण : पालकांचे स्थलांतर.

पाडव्याच्या सुमाराला टोळी परतली. पोरीचं लग्न फडावरच उरकलं होतं. तेरावं वर्ष सरलं नव्हतं तिचं. कुठल्याही शाळेतून तिच्या नावाची चौकशी आली नाही, आणि मीही कुठं फोन केला नाही.

तिच्या आईला शाळा कशासाठी असते ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. नाव हजेरीपटावर आहे तोवर बापाला, मुकादमाला, सोयऱ्यांना सांगायला एक शब्द असतो : शिकतीय ती. खरं शिकते का नाही, हा नंतरचा प्रश्न. म्हणून म्हणालो, चौथं-पाचवं.

आता तुम्ही म्हणाल, मग शाळा नुसती राखणीची जागा? तेही मला पटत नाही. राखण करून ठेवलेल्या पोरांना वाचता आलं नाही तर अठराव्या वर्षी ती त्याच फडावर जातात, हेही मी पाहिलंय. आणि शिकवून बाहेर काढलेली दोघं-तिघं तहसीलला आहेत, त्यांचा फोन येतो. काय धरायचं?

पुष्कळजण समजूत काढतात, सर, कायदाच होता, तुम्ही काय करणार. करता आलं असतं. शिक्का सापडत नाही म्हणायचं, चार दिवस रजेवर जायचं. टोळी कुणासाठी थांबत नाही, ती निघून गेली असती. फार तर नोटीस आली असती, एखादी वेतनवाढ थांबली असती.

माझी थोरली त्या वर्षी लातूरला अकरावी सायन्सला होती. खोलीचं भाडं, मेस आणि क्लासची फी, सगळं माझ्या एकट्याच्या पगारावर चालत होतं.