लेंट संपल्यावरही प्रार्थना टिकते कशी? तुम्ही विचारलंत म्हणून

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा आणि प्रार्थनेचा काळ, तो भस्म बुधवारी सुरू होतो. भस्म बुधवारच्या आधी आठवडाभर हा प्रश्न मला येतो आणि ईस्टर उलटल्यावर पुन्हा येतो. आधी विचारणाऱ्यांच्या बोलण्यात उमेद असते. “यंदा लेंटमध्ये रोज प्रार्थना आणि शास्त्रवाचन करायचंच ठरवलंय. तुमचं कधी चुकत नाही म्हणतात. सवय कशी लावलीत?” ईस्टरनंतर विचारणारी माणसं बहुतेक तीच असतात, फक्त आवाज उतरलेला असतो. “आमचं दुसऱ्याच आठवड्यात सुटलं हो. तुमचं टिकतं कसं?”

मी आजवर सगळ्यांना एकच सांगत आले. वेळ ठरवा, जागा ठरवा, थोडं वाचा, रोज वाचा. यात खोटं काही नाही. पण सांगताना दर वेळी आपण मधलं काहीतरी गिळतोय असं वाटतं. आणि ऐकणारा ‘हिला जमतं, आपल्याला नाही’ असं मनाशी ठरवून निघून जातो, तेव्हा मला राग येतो. त्याचा नाही, माझाच. म्हणून गिळलेलं ते एकदा सांगून टाकते.

“तुमचा स्वभावच शिस्तीचा आहे,” हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा त्रास होतो. हो, आहे. त्या स्वभावाच्या जोरावर मी वर्षानुवर्षं लेंटचे चाळीसही दिवस पाळले. आणि त्यातली एकाही वर्षीची प्रार्थना ईस्टरच्या पुढच्या आठवड्यात पोचली नाही. चाळीसावा दिवस झाला की पुस्तक मिटायचं, ते रविवारच्या उपासनेपुरतं उघडायचं, थेट पुढच्या भस्म बुधवारपर्यंत. तुमचं दहाव्या दिवशी सुटतं, माझं एक्केचाळीसाव्या दिवशी सुटायचं. फरक एवढाच होता.

मग एका वर्षी ते सुटलं नाही. ते वर्ष माझ्या शिस्तीचं नव्हतं.

त्या वर्षी मी चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची पुस्तकं, वाचायची ठरवली. मत्तयचे २८ अध्याय, मार्कचे १६, लूकचे २४, योहानाचे २१, मिळून ८९. भस्म बुधवार ते ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार धरायचे नाहीत, कारण रविवार पुनरुत्थानाचा, उपवासाचा नाही. उरले ४०. म्हणजे दिवसाला दोन अध्याय, मधूनमधून तीन. मी ८९ घरांचा तक्ता आखला. अध्याय झाला की त्याच्या घरात खूण.

पहाटे उठून मी खोलीचं दार लावून बसायचे. भस्म बुधवारी मत्तयचा सहावा अध्याय वाचतात. त्यात येशू सांगतो की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोल. मी ते शब्दशः घेतलं. घरात आई होती. डोळे अधू झालेले, चालणं बेताचं. तिचं सगळं मीच करत होते, त्यामुळे दिवसातला तेवढाच वेळ आपला, असंही मनात होतं. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. ते दार मी देवासाठी लावत होते की आईपासून, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

अठरावा दिवस, मंगळवार. मार्कचा अकरावा अध्याय नुकताच झाला होता. आईनं हाक मारली. एकदाच, आणि मोठ्यानं नाही. तिच्या हाका मला ओळखू यायच्या. ही पडल्याची नव्हती, दुखण्याचीही नव्हती. म्हणून मी बसल्या जागेवरूनच म्हणाले, “थांब गं आई, एक अध्याय राहिलाय.” तिनं पुन्हा हाक मारली नाही. मी बारावा अध्याय वाचला, खूण केली, येशूनं शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ म्हटली आणि वीसेक मिनिटांनी बाहेर आले.

ती पलंगावर उठून बसली होती. मांडीवर तिचं जुनं पवित्र शास्त्र उघडं होतं. कुठलं पान उघडलंय ते तिला दिसत नव्हतं.

“काय हवं होतं?”

“काही नाही गं. तू वाचतेयस ते ठाऊक होतं. म्हटलं, इथं बसून मोठ्यानं वाचलंस तर मलाही ऐकू येईल. एखादं स्तोत्र तरी.”

“संध्याकाळी वाचते,” मी म्हणाले.

संध्याकाळी मी दमले होते आणि ती झोपली होती. ती जागी असती तरी मी वाचलं असतं का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून मी बदलले, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दार लावलं. तिसऱ्या दिवशीही. शुक्रवार उजाडून पुढचा शुक्रवार आला, तोवर मी आणखी वीस अध्याय वाचले. आईनं पुन्हा मागितलं नाही, आणि ती मागत नाहीये हे माझ्या ध्यानातही आलं नाही. त्या शुक्रवारी रात्री तक्ता पुढ्यात घेऊन किती झालं, किती राहिलं ते मोजत होते. मार्क सातच्या घरापाशी बोट थांबलं. त्या अध्यायात येशू अशा माणसांना धारेवर धरतो, जी आईबापांना सांगतात की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं होतं ते ‘कुर्बान’ आहे, देवाला अर्पण केलंय, आता तुम्हाला देता यायचं नाही. देवाचं नाव पुढे करून आईबापांचा वाटा काढून घ्यायचा! त्या घरात माझी खूण होती, आईच्या हाकेच्या तीनच दिवस आधी केलेली. मी तो अध्याय वाचला होता आणि वाचून पुढे गेले होते.

उठून आईच्या खोलीत गेले. ती जागीच होती.

“कुठलं स्तोत्र वाचू?”

“तेरावं.”

इतक्या चटकन म्हणाली, की गेले दहा दिवस ते तिच्या ओठांवर असणार. शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतलं हे सहाच वचनांचं स्तोत्र. सुरुवातीलाच चारदा ‘कोठवर’ येतं. परमेश्वरा, कोठवर मला विसरणार, कोठवर आपलं मुख लपवणार. मला दुसऱ्या वचनापुढे जाता येईना. पुढचं तिनंच म्हटलं. तिला ते पाठ होतं. मग वाचणारी कशाला हवी होती, असं मी विचारलं नाही. “उद्या पहिल्यापासून घेऊ, रोज एक,” ती म्हणाली, आणि कूस बदलली.

तक्ता त्या रात्रीच थांबला. पूर्ण न केलेलं ते माझं पहिलं लेंट, आणि खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटत होती. संध्याकाळी आईजवळ बसून मी एक स्तोत्र वाचायचे, मग दोघी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचो. ईस्टरच्या रात्री सोळावं आलं. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या दिवशी, येशूचा शिष्य पेत्र लोकांपुढे उभा राहून येशूच्या पुनरुत्थानाबद्दल बोलतो, तेव्हा तो याच स्तोत्राचा आधार घेतो. आम्ही ते जुळवून आणलं नव्हतं, रोज एक करत तिथं पोचलो होतो. वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं. माझ्या हिशेबानं लेंट संपलं होतं.

आई म्हणाली, “उद्या सतरावं ना?”

तुम्ही ज्या सवयीबद्दल विचारता, ती लागली ती इथे. मी लावली नाही. मला रोज कुणीतरी ‘उद्या कुठलं’ विचारत होतं, म्हणून लागली.

एकशे एकोणिसावं १७६ वचनांचं आहे, ते आम्ही आठ-आठ वचनांनी बावीस दिवस पुरवलं. अठ्ठ्याऐंशीव्याला मात्र मी घाबरले होते. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. मी म्हटलं, आज पुढचंही वाचते. आईनं हात धरला. “नको. लिहिणारा इथंच थांबलाय ना? आज आपणही इथंच थांबू.” प्रार्थनेबद्दल मला जे काही कळलंय त्यातलं बरंचसं त्या रात्रीचं आहे. मनात नसलेली आशा ओठांवर आणायची सक्ती नाही. देवापुढे बसून राहायचं, एवढंच.

आता इथे माझी जुनी मी माझ्याशी भांडते, आणि तिचं म्हणणं मला मोडून काढता येत नाही. ती म्हणते, तक्ता नसता तर तू पहाटे उठलीच नसतीस. वाचत नसतीस तर आईनं काय ऐकायला हाक मारली असती? मार्क सातवर खूण नसती तर बोट कशावर थांबलं असतं? आणि ‘दार लाव’ हे येशूचेच शब्द आहेत, मी माझ्या पदरचे घातले नव्हते. मी तिला शास्त्रातला संदेष्टा दानीएल दाखवते. तो दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा आणि त्याच्या खोलीच्या खिडक्या यरुशलेमेच्या दिशेनं उघड्या असायच्या. ती म्हणते, बघ, दिवसातून तीनदा! शिस्तच ना ती? या वादात मी अजून जिंकलेले नाही.

काही जण दुसऱ्या बाजूनं येतात. तारण कृपेनं आहे, तर हे मोजून चाळीस दिवस कशाला, हा कर्मठपणाच नाही का, असं विचारतात. या प्रश्नानं मी पूर्वी दुखावायचे, कारण माझ्या बाबतीत ते खरं होतं. पण सवयीबाबत ते खरं नाही. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचं ‘दिदाखे’ नावाचं छोटं पुस्तक आहे, त्यात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलंय. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांच्या ४८ व्या अध्यायात आहे की लेंटमध्ये प्रत्येकाला एक पुस्तक द्यावं आणि त्यानं ते सुरुवातीपासून क्रमानं, पूर्ण वाचावं. एकच पुस्तक, पण दुसऱ्याच्या हातून मिळालेलं. मला त्यातलं हे देणंच फार मोलाचं वाटतं. आपण मात्र आपलं आपण निवडतो, आपलं आपण मोजतो आणि सुटलं की आपलं आपणच शरमेनं गप्प बसतो.

इथवर ऐकून एकटे राहणारे मला विचारतात, “आम्हाला कोण विचारणार, उद्या कुठलं म्हणून?” त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. कारण आता मलाही कुणी विचारत नाही.

दुसऱ्या फेरीत आम्ही चौसष्टाव्या स्तोत्रापर्यंत आलो होतो, तेव्हा आई गेली. त्यानंतर जवळजवळ तीन महिने मी पुस्तक उघडलं नाही आणि प्रार्थनाही केली नाही. मंडळीतल्या लोकांना वाटत होतं, हिला प्रार्थनेचा केवढा आधार असेल. मी त्यांना तसं वाटू दिलं, तेही सांगायचं राहिलं होतं. भस्म बुधवार आला. कपाळावर राख लावताना पाळक म्हणाले, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. दरवर्षी ऐकलेले शब्द, पण त्या वर्षी ते माझ्याबद्दल नव्हते. घरी येऊन आईच्या खोलीत बसले. चौसष्टाव्यापाशी खुणेचा कागद तसाच होता. पासष्टावं वाचलं, मोठ्यानं. आवाज फार विचित्र वाटला. ऐकायला कुणी नाही असं वाटत होतं आणि कुणीतरी ऐकतंय असंही वाटत होतं, दोन्ही एकदम. दुसऱ्या संध्याकाळी सहासष्टावं वाचलं.

म्हणजे विचारणारं माणूस गेल्यावरही सवय टिकली. मग मघाचं माझं म्हणणं चुकलं का? की आई जे विचारत होती ते मुळात तिचं एकटीचं विचारणं नव्हतंच? मला दुसरं खरं असावंसं वाटतं. पण हव्याशा वाटणाऱ्या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नये, हे मी त्या तक्त्याकडून शिकले आहे.

आणि ‘कधी चुकत नाही’ हे कुणी पसरवलंय ठाऊक नाही. चुकतं. आजारपणात चुकतं, रुसले की चुकतं, कधी काहीही कारण नसताना चुकतं. चुकलेलं मी भरून काढत नाही, हा एकच नियम मी कटाक्षानं पाळते. पाच दिवस गेले म्हणून सहाव्या दिवशी सहा स्तोत्रं वाचायला बसले, की पुन्हा खुणा करणं सुरू होतं. जिथं कागद आहे तिथून पुढे. पहाटेची वेळ मला परत धरता आली नाही, संध्याकाळचीच राहिली. वाचन मोठ्यानंच, मग दोन-चार नावं घेऊन त्यांच्यासाठी मागणं, शेवटी प्रभूची प्रार्थना. पंधरा मिनिटं होतात, कधी कमी. खोलीचं दार उघडं असतं.

तो तक्ता आईच्या शास्त्रात घडी करून ठेवलाय. लूक त्यानंतर कितीदा तरी वाचून झाला, पण सतरापासून पुढची घरं मी भरलेली नाहीत.